चाच्यांच्या जहाजावरची टोपी

मित्रहो, मागच्या वेळी आपण ‘पुरावा म्हणजे काय’ या प्रश्नावर बोललो. आज त्याच प्रश्नाकडे जरा आडवाटेने जायचं आहे, आणि ती वाट एका सिनेमातून जाते. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चा २००३ साली आलेला पहिला भाग आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, निदान नातवंडांच्या निमित्ताने. तत्त्वज्ञानाच्या माणसांनी जॉनी डेपच्या वाटेला कशाला जावं, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी थोडा दम धरावा.

चित्रपटाच्या अगदी शेवटी जॅक स्पॅरोला त्याचं जहाज परत मिळतं. तो सुकाणूपाशी उभा राहतो, खलाशांवर ओरडतो, शिडं ताणायला सांगतो. नेमक्या त्या क्षणी पडद्याच्या डाव्या कडेला, जॅकच्या मागे, एक गृहस्थ समुद्राकडे बघत निवांत उभे आहेत. अंगात पांढरा टी-शर्ट, डोक्यावर अमेरिकन गुराखी घालतात तसली टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. हे चित्रीकरणाच्या चमूतले कुणीतरी. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आहोत अशा समजुतीत ते उभे राहिले आणि जगभरच्या चित्रपटगृहांत पोचले. चुका शोधणाऱ्या रसिकांचा हा फार लाडका नमुना आहे.

अशा चुका होतात कशा, हे आधी समजून घेऊ. चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. एकाच संवादाचे तुकडे वेगवेगळ्या कोनांतून, अनेकदा वेगवेगळ्या दिवशी घेतले जातात आणि मग संकलनाच्या टेबलावर एकमेकांना जोडले जातात. पहिल्या तुकड्यात मेणबत्ती वीतभर असेल आणि पुढच्यात बोटभर, तर पडद्यावर दोन सेकंदांत ती जळून गेलेली दिसते. म्हणून संचावर एक व्यक्ती केवळ हेच बघायला नेमलेली असते. पेला कुठल्या हातात होता, पाणी कुठवर होतं, बाही किती दुमडली होती, याची ती टिपणं ठेवते, फोटो काढून ठेवते. आपल्या मराठी संचांवरसुद्धा तिच्या कामाला ‘कंटिन्युइटी’च म्हणतात. आपण तिला सलगता म्हणू. समुद्रावर चित्रीकरण असलं की हे काम जवळजवळ अशक्य होऊन बसतं. मेणबत्ती बदलता येते हो. लाट, वारा आणि ढग कालच्यासारखे परत कुठून आणायचे?

आता गंमत अशी की बहुतेक चुका आपल्याला दिसतच नाहीत. डॅनियल लेविन आणि डॅनियल सायमन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रयोग प्रसिद्ध केले. छोट्या छोट्या चित्रफिती, आणि त्यांत कटच्या आडून मुद्दाम केलेले बदल. एका चित्रफितीत तर त्यांनी मुख्य नटच बदलला. उठून जाणारा एक, फोन घेणारा दुसरा. बहुसंख्य प्रेक्षकांच्या ते लक्षातही आलं नाही!

डेव्हिड ह्यूमला याचं आश्चर्य वाटलं नसतं. ‘ट्रीटाइज’मध्ये तो विचारतो की आपल्याला संवेदना तर तुकड्यातुकड्यांनी मिळतात, मग वस्तू सलग आहेत असं आपण कशाच्या बळावर मानतो? डोळे मिटले, उघडले. मधल्या काळात टेबल होतं याचा पुरावा काय? त्याचं उत्तर असं की पुरावा नसतोच, कल्पनाशक्ती ती फट बुजवते. तिथे त्याने दृष्टांतही वल्ह्यांच्या जहाजाचा दिला आहे. वल्ही थांबली तरी मिळालेल्या वेगावर जहाज पुढे जात राहतं, तसं मनही नव्या संवेदनेशिवाय पुढे सरकत राहतं. म्हणजे सलगता पडद्यावर नसते, ती आपण घरून घेऊन येतो.

मग ती टोपी का खटकली? कारण चाचा कसा दिसतो याचं चित्र आपल्या डोक्यात आधीपासून तयार आहे, आणि त्या चित्रात ती बसत नाही. आता याची उलट बाजू पाहू. जे त्या चित्रात चपखल बसतं पण साफ खोटं आहे, ते आपल्याला दिसतं का?

पहिल्या भागाची कथा जमैकातल्या पोर्ट रॉयल या बंदरात सुरू होते. डौलदार शहर, गव्हर्नर, आरमाराचा समारंभ. समुद्राकडे तुटलेल्या कड्यावर किल्ला आहे आणि नायिका त्याच्या तटावरून थेट पाण्यात पडते. काळ कोणता? चौथ्या भागात इंग्लंडच्या गादीवर दुसरा जॉर्ज दिसतो, त्याची कारकीर्द १७२७ ते १७६०. म्हणजे कथा अठराव्या शतकातली. पण खरं पोर्ट रॉयल ७ जून १६९२ च्या भूकंपात बुडालं. ते वसलंच होतं वाळूच्या एका सखल पट्ट्यावर. जमीन हादरली तशी ती वाळू पातळ झाली आणि शहराचा मोठा भाग माणसांसकट समुद्रात गेला. सुमारे दोन हजार माणसं त्या दिवशी मेली, जवळजवळ तितकीच पुढे रोगराईने. १९६० च्या सुमारास पाण्याखालच्या उत्खननात एक खिशातलं घड्याळ मिळालं; ते ११ वाजून ४३ मिनिटांनी थांबलेलं होतं. पुढे तिथे थोडी वस्ती आणि आरमाराचा तळ राहिला, पण व्यापार आणि सत्ता पलीकडच्या किंग्स्टनकडे सरकली. सिनेमातला तो कडा? असा कडा पोर्ट रॉयलला कधी नव्हताच. बंदराचं चित्रीकरण सेंट व्हिन्सेंट बेटावर झालं. बुडालेलं शहर पाण्यावर आणलं, सपाट वाळूवर डोंगर उभे केले, आणि आपण शोधतोय टोपी!

चुका शोधणाऱ्यांच्याही चुका असतात बरं का. ‘या काळात सिंगापूर कुठून आलं, ते तर रॅफल्सने १८१९ साली वसवलं,’ असा एक आक्षेप हौशी मंडळी घेतात. बेटाचं नाव त्याहून कित्येक शतकं जुनं आहे, तेव्हा जॅकने नुसतं नाव घेतलं तर काही बिघडत नाही. तिसऱ्या भागात मात्र तिथे गजबजलेलं शहरच दाखवलं आहे, आणि तो आक्षेप रास्त आहे.

या तिसऱ्या भागापाशी, २००७ च्या, आपल्याला थांबायला हवं. त्यात जगभरच्या नऊ चाचेप्रमुखांचा दरबार भरतो. चीनकडून मिस्ट्रेस चिंग नावाची बाई येते. तिचं मूळ झेंग यी साव ही प्रसिद्ध चाचेप्रमुख. ती १८१० साली शरण आली. तिचा जन्म १७७५ चा, म्हणजे दुसऱ्या जॉर्जच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. न जन्मलेली बाई दरबारात येऊन बसली आहे. आणि हिंदी महासागराकडून येतो तो ‘श्री सुंभाजी’. पागोटं, दाढी, गंभीर मुद्रा. त्याच्या वतीने सेवकच बोलत असतात. शेवटी तो स्वतः तोंड उघडतो तेव्हा आवाज निघतो चिरका, आणि प्रेक्षागृह हसतं.

हे सुंभाजी म्हणजे कान्होजी आंग्र्यांचे चिरंजीव संभाजी आंग्रे. आता नीट पाहा. काळाच्या दृष्टीने इथे चूक नाही. संभाजींच्या हाती सत्ता आली १७३३ नंतर आणि ते वारले १७४२ च्या सुमारास. दुसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीत ते अगदी बरोबर बसतात. घड्याळ अचूक आहे, पदवी चुकली आहे. आणि ही पदवी काही हॉलिवूडने शोधलेली नाही. ती ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांतून आली आहे.

चाचा कोणाला म्हणायचं? ज्याच्या मागे कोणतीही राजसत्ता नाही आणि जो स्वतःच्या लाभासाठी समुद्रावर लुटतो, त्याला. हेन्री एव्हरी हा खरा चाचा. त्याने १६९५ मध्ये मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं, यात्रेकरूंवर भयंकर अत्याचार केले, आणि त्यापायी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना कैद भोगावी लागली. कान्होजी आंग्रे मात्र छत्रपतींचे सरखेल होते. किल्ले, आरमार आणि दस्तक देण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. दस्तक म्हणजे परवाना. तो घ्या आणि खुशाल या किनाऱ्यावरून जा. पोर्तुगीज हेच दोन शतकं करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. इंग्रजही आपले परवाने देत. पोर्तुगीजांनी परवाना मागितला तर तो कायदा आणि आंग्र्यांनी मागितला तर चाचेगिरी, हे कसं काय? बरं, याच कंपनीने कान्होजींशी १७१३ मध्ये करार केला होता. चाच्याशी कुणी करार करतं? पुढे बिनसलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. शब्दाची धार कुठे वाढते हे इथे दिसतं. ज्याला हरवता येत नाही, त्याला नाव तर ठेवता येतं.

पण थांबा, टाळ्या नकोत. आपल्याही डोक्यात एक तयार चित्र आहे आणि त्यात न बसणारं आपणही पाहत नाही. १७३५ च्या डिसेंबरात संभाजींनी मुंबईकडे येणारं कंपनीचं ‘डर्बी’ हे मोठं जहाज पकडलं. हा पराक्रम आपण हौसेने सांगतो. त्याच सुमारास संभाजी आणि त्यांचे सावत्र भाऊ मानाजी एकमेकांशी लढत होते, आणि मानाजी त्यासाठी परकीयांची मदत घ्यायलाही तयार होते, ते मात्र एका वाक्यात उरकतो. यापेक्षा मोठा कट पुढे आहे. १७५५ मध्ये कंपनीच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तुळाजी आंग्र्यांचा. या दोन्ही मोहिमांत इंग्रजांच्या बाजूला कोण होतं? पेशवे. तुळाजी जुमानत नाहीत म्हणून नानासाहेबांनी मराठ्यांचंच आरमार मोडायला इंग्रजांना हाताशी धरलं. आपल्या सांगण्यात कान्होजींचं वैभव एका तुकड्यात येतं, पेशवाईचं दुसऱ्या तुकड्यात, आणि मधली जोड आपण इतकी सफाईने मारतो की नट बदलला तरी कळू नये.

लंडनच्या शूटर्स हिलवर आजही एक तिकोनी मनोरा उभा आहे. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! जेम्सच्या विधवेने तो १७८४ साली नवऱ्याच्या स्मरणार्थ बांधला. आणि मुंबईत आपल्या नौदलाच्या तळाला नाव आहे ‘आयएनएस आंग्रे’. एकच घराणं एका ठिकाणी पकडलेला चाचा आहे, दुसऱ्या ठिकाणी नौदलाचा पूर्वज, आणि सिनेमात चिरक्या आवाजाचा विनोद.

आता वेळ संपत आली, तेव्हा विजयदुर्गाच्या आगीबद्दल सांगतो आणि मग तुमचे प्रश्न घेऊ. १७५६ च्या त्या फेब्रुवारीत वॉटसनच्या ताफ्यातून एक तोफगोळा खाडीत उभ्या असलेल्या एका जहाजावर पडला. त्याने पेट घेतला, तिथून आग शेजारच्या जहाजांना लागली आणि आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. ज्या जहाजावर तो गोळा पडला, त्याचं नाव ‘रिस्टोरेशन’. ते मुळात कंपनीचंच. काही वर्षांपूर्वी तुळाजींनी पकडलेलं. गोळा इंग्रजांचा, जहाज मुळात इंग्रजांचं, खलाशी आंग्र्यांचे, आणि खाली किनाऱ्यावर पेशव्यांची फौज वाट बघत उभी. हा प्रसंग उद्या कुणी चित्रित करायला घेतला, तर सलगतेची टिपणं ठेवणाऱ्या त्या बाईंनी जहाजावर निशाण कोणाचं लावायला सांगायचं? हं, बोला, मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर केला होता.