शून्याच्या खालचं पळसदेव

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात साठ्याचा आकडा वजा दिसला, की आधी बग शोधतात. उजनी धरणाचा साठा मात्र अनेक उन्हाळ्यांत वजा होतो आणि इंदापूरकडे कुणाला त्याचं नवल वाटत नाही. मे महिन्यात पारावर "उजनी वजा चाळीस" असं सहज सांगतात.

गणित साधं आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३च्या आसपास मृतसाठा. हे तळाचं पाणी वापराच्या हिशेबात धरत नाहीत. त्याच्या वर शून्याची रेघ मारलेली आहे. २०२४ मध्ये पाणी जानेवारीतच त्या रेघेवर आलं आणि पावसाआधी वजा पन्नासच्याही खाली गेलं.

त्या उन्हाळ्यात मी पळसदेवला गेलो तो पक्षी बघायला. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब तोवर परतलेले असतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र रेंगाळतात. चोच उलटी धरून चिखलपाणी गाळायचं आणि त्यातलं शेवाळ, अळ्या, बारीक जीव टिपायचे, हे उथळ पाण्यातच जमतं. पाणी ओसरेल तसं त्यांचं ताट वाढलं जातं. पावसाळा आला की ते निघतात. त्यांच्या विणीची मोठी जागा कच्छच्या रणात आहे. १९४५ मध्ये सालिम अली तिथे जाऊन ती वसाहत बघून आले होते.

सोबत आजी होती. तिच्या हातात दुर्बीण दिली, तर तिने ती रोहितांवरून सरकवत नेली आणि पळसनाथाच्या जुन्या देवळावर थांबवली. एरवी बुडालेलं ते देऊळ चिखलात उभं होतं.

"त्याच्या अलीकडं आपलं घर," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "तवा हे पक्षी नव्हते रं इथं. ज्वारी होती."

भिगवण, कुंभारगाव, पळसदेवचा हा पाणपसारा मी आजवर निसर्ग म्हणून बघत होतो. तो माझ्या वडिलांपेक्षा वयाने लहान आहे. ज्या पाण्याने आजीचं घर नेलं, त्याच पाण्यावर आज आमचा ऊस उभा आहे आणि त्याच्याच काठावर रोहित चरतात. यातलं एक वजा करून दुसरं सांगता येत नाही. धरणाच्या तक्त्यात मात्र शून्याच्या खाली फक्त टक्के असतात. तिथे गाव असतं, हे आजीसारख्या माणसांनाच ठाऊक. आणि ती माणसं आता थोडी उरलीत.

जूनमध्ये दौंडचा विसर्ग वाढला, तशी घरात सगळ्यांची नजर आकड्यावर लागली. वजा कमी होऊ लागलं, सगळे खूश झाले. आजीही झाली. "देव गेला का पाण्यात?" एवढंच तिने विचारलं.

तेव्हापासून माझ्या पक्ष्यांच्या नोंदीत मी एक रकाना वाढवलाय. तारीख, पाणी, रोहित किती. आणि देऊळ कुठवर दिसलं.