पनवेल : द्रुतगती लोहमार्ग व स्थानिक पर्यटन

पनवेल हे महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील, गाढी नदीकाठी वसलेले तालुक्याचे ठिकाण. एकेकाळचे हे खाडीवरील बंदर पुढे पुणे व गोवा यांकडे जाणाऱ्या रस्त्यांचा फाटा व नंतर लोहमार्गांचे प्रस्थानक बनले. वाहतुकीचा वेग वाढला की पर्यटनही वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. पनवेलचा सु. दोनशे वर्षांचा इतिहास या समजाला मर्यादा घालतो. प्रवासी किती वेगाने जातो, यापेक्षा तो कोठे उतरतो, उतरल्यावर पुढे कसा जातो आणि मुक्काम करतो की नाही, यांवर स्थानिक पर्यटनाचे भवितव्य ठरते, असे त्यावरून दिसून येते.

द्रुतगती लोहमार्ग ही संज्ञा सामान्यतः ताशी २५० किमी. वा त्याहून अधिक वेगासाठी खास बांधलेल्या मार्गांना लावतात. सुधारलेल्या जुन्या मार्गांच्या बाबतीत ही मर्यादा ताशी सु. २०० किमी. मानली जाते. या अर्थाने पनवेलवरून द्रुतगती लोहमार्ग जात नाही. तथापि वेगवाढीचे जे परिणाम अशा मार्गांच्या संदर्भात चर्चिले जातात, त्यांचा अनुभव या शहराने वेगवेगळ्या काळांत घेतला आहे.

जलमार्ग व घाटरस्ता : मुंबईहून पुण्यास जाणारे प्रवासी पूर्वी होडीने पनवेल बंदरी येत व तेथून खुष्कीने बोर घाट चढत. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत, १८३० मध्ये, घाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर या मार्गाचे महत्त्व वाढले. भरतीची वेळ आणि बैलांची विश्रांती या दोन्ही गोष्टींमुळे प्रवाशास पनवेलला थांबणे भाग पडे. हा थांबा हौसेचा नव्हता. पण नावाडी, गाडीवान, पालखीचे भोई, दुकानदार अशा अनेकांचा चरितार्थ त्यावर चाले. माथेरानचा शोधही याच बाजूने लागला. ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट हा १८५० मध्ये पनवेल–खोपोली रस्त्यावरील चौक गावाहून हा डोंगर चढून गेला.

लोहमार्गाने टाळलेले शहर : मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि पुढे तो कल्याण, कर्जतमार्गे घाटाकडे गेला. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत व १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे असे टप्पे झाले. मधला घाट उतारू काही वर्षे पालखी, तट्टू वा गाडीने ओलांडीत. १८६३ मध्ये बोर घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला व ही अडचणही संपली. पनवेल या मार्गावर नव्हते. त्यामुळे पुण्याचा प्रवासी या बंदराकडे फिरकेनासा झाला. याउलट लोणावळे, खंडाळे ही ठिकाणे लोहमार्गामुळे हवा खाण्याची स्थळे म्हणून भरभराटीस आली. माथेरानचे प्रवेशद्वार चौकऐवजी नेरळ झाले आणि १९०७ मध्ये तेथून डोंगरावर अरुंदमापी गाडी सुरू झाल्यावर ते कायम झाले. ‘डेक्कन क्वीन’ ही जलद गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली, तेव्हा मुंबई–पुणे प्रवास सप्ताहअखेरच्या सहलीच्या आवाक्यात आला. या साऱ्यांत पनवेलचा वाटा नव्हता.

कोकणचे प्रवेशद्वार : पनवेलला लोहमार्ग आला तो १९६० नंतरच्या दशकात, दिव्याहून. हा मार्ग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोहोचला. रोहे येथून कर्नाटकातील ठोकूरपर्यंतचा, सु. ७४० किमी. लांबीचा कोकण लोहमार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्याच वर्षी मुंबईची उपनगरी गाडीही पनवेलपर्यंत आली. ताशी १६० किमी. वेगाचा विचार करून कोकण लोहमार्ग आखण्यात आला. परंतु एकेरी मार्ग, डोंगरकडे व अतिवृष्टी यांमुळे प्रत्यक्ष वेगावर मर्यादा पडतात. पावसाळ्यात गाड्यांचे स्वतंत्र, संथ वेळापत्रक लागू होते.

जलद गाड्या व त्यांचे थांबे : मुंबई–करमळी ‘तेजस एक्सप्रेस’ मे २०१७ मध्ये व मुंबई–मडगाव ‘वंदे भारत एक्सप्रेस’ जून २०२३ मध्ये सुरू झाली. दुसरीने मडगावचा प्रवास कोरड्या ऋतूत सु. पावणेआठ तासांत होतो. ही गाडी सुरू झाली तेव्हा तिला दादर, ठाणे, पनवेल, खेड, रत्नागिरी, कणकवली व थिवी एवढेच थांबे देण्यात आले. म्हणजे रायगड जिल्ह्यात पनवेल सोडून ती कोठेही थांबत नाही. अलिबागला जवळचे पेण, मुरूड-जंजिऱ्याला जवळचे रोहे, रायगड किल्ल्याला जवळची माणगाव व वीर ही स्थानके तिने मागे टाकली. जलद गाडीमुळे गोवा मुंबईच्या जवळ आला. किल्ले रायगड मात्र होता तेवढाच दूर राहिला.

खुद्द पनवेलच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. येथे थांबणाऱ्या गाडीत उतरणाऱ्यांपेक्षा चढणाऱ्यांना लाभ अधिक. नवी मुंबईतील रहिवाशास कोकण व गोवा गाठणे सुलभ झाले. शहरापासून सु. १२ किमी.वरील कर्नाळा हे १९६८ मध्ये घोषित झालेले राज्यातील पहिले पक्षी अभयारण्य होय. पण स्थानकापासून तेथे जाण्यास बस वा खाजगी वाहनच लागते. वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण याच रस्त्यावर आहे. प्रबळगड व कलावंतीण सुळका येथे जाणाऱ्यांची जेवणाची, मुक्कामाची व वाटाड्याची सोय प्रबळमाचीचे रहिवासी करतात. एका रात्रीच्या मुक्कामाने या वस्तीस जे मिळते, ते सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याकडून मिळत नाही.

अन्य देशांतील अनुभव : जपानमधील टोकिओ–ओसाका शिनकान्सेन १९६४ मध्ये सुरू झाली. तीवरील ‘हिकारी’ ही अतिजलद गाडी आरंभी वाटेत नागोया व क्योतो येथेच थांबे. लहान गावांसाठी ‘कोदामा’ ही सर्व स्थानकांवर थांबणारी गाडी वेगळी ठेवण्यात आली. एकाच मार्गावर वेग आणि थांबा या दोहोंची अशी वाटणी करता येते. फ्रान्समध्ये १९८१ मध्ये पॅरिस–लीआँ मार्ग सुरू झाल्यावर प्रवासी वाढले; मात्र कामानिमित्त येणारे त्याच दिवशी परतू लागल्याने हॉटेलांतील मुक्काम घटल्याचे अभ्यासकांनी नोंदविले.

सद्यःस्थिती व अपेक्षा : भारतातील पहिला द्रुतगती लोहमार्ग, ५०८ किमी. लांबीचा मुंबई–अहमदाबाद मार्ग, ठाणे, विरार व बोईसरवरून जातो. पनवेल त्यावर नाही. मुंबई–पुणे–हैदराबाद असा दुसरा मार्ग प्रस्तावित आहे. पनवेल तालुक्यातील नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे सुरू झाल्याने या परिसराचे महत्त्व आणखी वाढले आहे. नव्या मार्गाचे स्थानक कोठे असेल, त्याला जुन्या स्थानकाची व एस. टी. आगाराची जोड कशी मिळेल आणि रोहे, माणगावकडे जाणाऱ्या मंदगती गाड्या त्याच्याशी जुळतील काय, हे प्रश्न स्थानिक दृष्ट्या वेगाइतकेच महत्त्वाचे आहेत. १८६३ मध्ये पुण्याच्या वाटेवरचा पनवेलचा थांबा सुटला, तो दीर्घकाळ परत मिळविता आला नाही. म्हणून थांबा व जोडवाहतूक यांची योजना मार्गाच्या आखणीबरोबरच होणे इष्ट ठरते.