प्लेगची आवई, मोबाईलची खबर

१८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. इस्पितळात नेतात ते मारायलाच, अशी आवई उठली होती. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्याच जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. सरकारजवळ हुकूम होता, शिपाई होते. पण लोकांशी बोलण्याची रीत नव्हती. त्या काळच्या आपल्या लोकांना आपण अडाणी म्हणून मोकळे होतो.

पण मग २०२० चे इस्लामपूर आठवते. वाळवा तालुक्याचे हे गाव आधी सातारा जिल्ह्यात होते, १९४९ नंतर दक्षिण साताऱ्यात आले आणि १९६० पासून त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. २०२५ मध्ये गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला. आम्ही मात्र जुनेच नाव लिहितो, कारण या हकिगतीत त्या नावालाही भोगावे लागले.

२३ मार्च २०२० रोजी सौदी अरेबियाहून परतलेले एकाच कुटुंबातले चौघे बाधित निघाले. कुटुंब मोठे, एकत्र राहणारे. महिनाअखेर आकडा पंचविसाच्या घरात गेला. लागण एका कुटुंबात आणि त्याच्या संपर्कातल्या माणसांतच आहे, हे जिल्हा प्रशासन आणि पालकमंत्री जयंत पाटील सांगत होते. पण प्रशासनाचा खुलासा दिवसातून एकदा यायचा आणि व्हॉट्सअॅपचा मजकूर घटकेघटकेला. रुग्णाचे नाव गुप्त ठेवायचा नियम योग्यच. पण लहान गावात नाव किती काळ झाकणार? ३० मार्चच्या सुमारास दिल्लीतल्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि आमच्या फोनवर दोन्ही गोष्टींची गाठ कुणीतरी मारून दिली. ते कुटुंब कुठून आले होते, हे कुणी विचारले नाही. गावाचे नाव पुरेसे होते.

आपलाही फोन काही पाक नव्हता. कलौंजीने कोरोना जातो, घरोघरी माहिती विचारणाऱ्या आशाताई एनआरसीची यादी करतात, हे मजकूर आम्हीही वाचले आणि, खरे सांगायचे तर, एखादा पुढेही ढकलला. आर्थर रोडच्या आवईपेक्षा हे वेगळे काय होते? दारात उभी राहणारी ती बाई आपल्याच तालुक्यातली होती.

७ एप्रिलला व्हॉट्सअॅपने वारंवार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी धाडण्याची मर्यादा घातली. राज्याच्या सायबर विभागाने अफवांबद्दल गुन्हेही नोंदवले. एप्रिलच्या मध्यापर्यंत इस्लामपूरचे बहुतेक रुग्ण मिरजेच्या रुग्णालयात बरे झाले. सातारा-सांगलीला खरा तडाखा बसला तो २०२१ च्या दुसऱ्या लाटेत. तेव्हा कराडपासून मिरजेपर्यंत याच गटांवर खाट कुठे, ऑक्सिजन कुठे, अशी विचारणा रात्रभर चाले आणि उत्तर देणाऱ्याची जात-जमात कुणी पाहत नसे.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तब्लिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. ती बातमी आमच्या गटावर एकदाच आली. खाली कुणी काही लिहिले नाही.