शाळेची परीक्षा: एका जुन्या प्रयोगाची गोष्ट

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या गावच्या शाळेची वार्षिक तपासणी होती. आदल्या दिवशी अंगण झाडून झाले, फळा काळा करून झाला, भिंतींवर सुविचार लिहून झाले. कोणी कोणता धडा वाचायचा, कोणी कितीचा पाढा म्हणायचा हे गुरुजींनी नेमून दिले. मग शेवटच्या रांगेतल्या तीन मुलांना ते म्हणाले, "तुम्ही उद्या घरीच राहा." माझ्या शेजारी बसणारा मुलगा त्या तिघांत होता. दुसऱ्या दिवशी साहेब आले, मी माझा धडा खडखडा वाचला, शेरेबुकात चांगला शेरा पडला. तिसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला आणि त्याने मला विचारले, "साहेब काय म्हणाले?" मी सांगितले, "आपली शाळा चांगली आहे म्हणाले."

आमचे गुरुजी वाईट नव्हते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या वस्तीवरच्या मुलांना हाताला धरून पोहोचवणारे ते गृहस्थ होते. पुढे मी संशोधनाच्या क्षेत्रात आलो. तिथे गैरसोयीची निरीक्षणे वगळून सरासरी काढली तर त्याला सरळ लबाडी म्हणतात. तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला आहे. एखादा भला माणूस ही लबाडी का करतो? आणि सरकारी शाळा चांगली की वाईट हे ठरवायचे तरी कशावरून?

हा प्रश्न नवा नाही. त्यावर एक फार मोठा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. तो इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि त्याचे पडसाद पुण्यापर्यंत उमटले.

निकालावर पैसे

इंग्लंडच्या पार्लमेंटने गोरगरिबांच्या शाळांच्या इमारतींसाठी पहिले अनुदान दिले ते १८३३ साली, २०,००० पौंडांचे. पुढे हा खर्च वाढतच गेला. १८३९ पासून शाळा तपासायला सरकारी निरीक्षकही नेमले गेले. पण या पैशातून मुले खरोखर काही शिकतात का, असा प्रश्न लोक विचारू लागले. १८५८ साली नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये अहवाल दिला. निरीक्षक वरच्या वर्गातली हुशार मुले पाहून जातात, खालच्या वर्गातल्या बहुसंख्य मुलांना मात्र नीट वाचताही येत नाही, असा त्याचा एक प्रमुख आक्षेप होता.

शिक्षण खात्याचा कारभार तेव्हा रॉबर्ट लो यांच्याकडे होता. त्यांनी १८६२ मध्ये नवी नियमावली लागू केली. तिचे सूत्र व्यापाऱ्याला पटेल असे होते. माल पाहा आणि मगच दाम मोजा. सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग मिळणार. शिवाय दोनशेहून अधिक वेळा हजर राहिलेल्या प्रत्येक मुलामागे ८ शिलिंग; त्यासाठी त्याने निरीक्षकापुढे वाचन, लेखन आणि अंकगणित या तीन विषयांत उत्तीर्ण व्हायचे. (सकाळची आणि दुपारची हजेरी वेगवेगळी मोजत.) एका विषयात नापास झाला की २ शिलिंग ८ पेन्स कापले जाणार. शिलिंगात १२ पेन्स असत, म्हणजे ८ शिलिंगांचे बरोबर तीन समान भाग. मुलांसाठी सहा इयत्ता ठरवल्या होत्या. पहिलीत एकाक्षरी शब्दांचा मजकूर वाचणे, तर सहावीत वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद वाचणे, अशी त्यांची चढण होती.

लो यांचा हेतू आपण समजून घेतला पाहिजे. प्रत्येक मुलाची स्वतंत्र परीक्षा होणार, म्हणजे शिक्षकाला मागच्या रांगेतल्या मुलाकडेही लक्ष द्यावेच लागणार, असा त्यांचा हिशेब होता. त्यात न्यायबुद्धी होती. शिवाय काटकसरही साधली. जे अनुदान वर्षाला ८ लाख पौंडांवर गेले होते, ते १८६५ पर्यंत साडेसहा लाखांच्या खाली आले.

शाळांत काय घडले?

आता त्या काळच्या शिक्षकाच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. शाळेचे उत्पन्न, आणि बहुतेक ठिकाणी आपला पगारही, मुलांच्या निकालावर अवलंबून आहे. निरीक्षक वर्षातून एकदा येणार. तो कोणते पुस्तक वाचायला देणार हे ठाऊक आहे. तुम्ही काय कराल?

त्यांनीही तेच केले. वाचनाचे पुस्तक वर्षभर घोकून घेतले. काही मुलांना ते इतके पाठ होते की पुस्तकाकडे पाहण्याची गरज उरली नव्हती. इतिहास, भूगोल, निसर्गाचे निरीक्षण या विषयांना पैसे नव्हते, तेव्हा त्यांचे तास आक्रसले. (पुढे १८७१ आणि १८७५ मध्ये अशा विषयांनाही अनुदान जोडले गेले, पण तेही परीक्षेच्याच वाटेने.) आजारी मुलांना तपासणीच्या दिवशी पांघरुणात गुंडाळून शाळेत आणल्याच्या हकिकती निरीक्षकांनीच नोंदवल्या आहेत, कारण मूल हजर नसेल तर त्याचे पैसे बुडत. हुशार मुलांचेही नुकसान झाले. एकदा एका इयत्तेत उत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच इयत्तेसाठी पुन्हा बसवता येत नसे. वर्षाला एकच पायरी चढायची. त्याला दोन पायऱ्या पुढे नेण्यात शिक्षकाचा काहीच फायदा नव्हता.

हे सर्व जवळून पाहणारा एक निरीक्षक पुढे कवी आणि समीक्षक म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्याचे नाव मॅथ्यू अर्नोल्ड. १८५१ ते १८८६ अशी पस्तीस वर्षे त्याने शाळा तपासल्या. नियमावली येतानाच त्याने तिला जाहीर विरोध केला होता, आणि तोही नोकरीत राहून. नंतरच्या अहवालांत त्याने दाखवून दिले की वाचन, लेखन आणि गणित प्रत्यक्षात न येताही मुलांना त्या विषयांच्या परीक्षेत उत्तीर्ण करवून घेणे शक्य आहे. निरीक्षक आणि शिक्षक यांच्यात हा एक यांत्रिक डावपेचांचा खेळ सुरू झाला असून त्यात शिक्षक आपल्याला हरवायला शिकणारच, असे त्याचे म्हणणे होते. त्याने दोष शिक्षकांना दिला नाही, खेळाच्या नियमांना दिला.

ही पद्धत १८९० च्या सुमारास खिळखिळी झाली आणि १८९७ पर्यंत पूर्ण गेली. पण तिच्या सवयी गेल्या नाहीत. प्राथमिक शाळांचे मुख्य निरीक्षक राहिलेले एडमंड होम्स यांनी निवृत्तीनंतर १९११ मध्ये एक पुस्तक लिहिले. निकालावर पैसे देण्याच्या काळात त्यांनी स्वतः असंख्य मुलांच्या परीक्षा घेतल्या होत्या. त्या पद्धतीने शिक्षकांची स्वतंत्र बुद्धी मारली आणि मुलांना आज्ञेची वाट पाहत बसायला शिकवले, असा त्यांच्या पुस्तकाचा सूर आहे. ज्याने आयुष्यभर फुटपट्टी हाती धरली, त्याचीच ही साक्ष होती.

पुण्याची साक्ष

हिंदुस्थानात १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खाजगी शाळांना अनुदान देण्याची प्रथा पडली. पाठोपाठ निकालावर पैसे देण्याची पद्धत मद्रास आणि मुंबई इलाख्यांतही आली. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे एक निवेदन आले. लिहिणारे होते जोतीराव फुले.

हे निवेदन शिक्षण सक्तीचे करण्याच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे. पण शाळेचा दर्जा कसा राखावा यावरही त्यात नेमके विचार आहेत, आणि ते १८४८ पासून स्वतः शाळा चालवलेल्या माणसाचे आहेत. निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल त्यांचा मुद्दा असा होता: ज्या समाजाला अद्याप शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही, तिथे ही पद्धत चालणार नाही. ठराविक पगाराची खात्री नसताना कोणता शिक्षक घरोघर जाऊन मुलांची मनधरणी करील? म्हणजे ज्या मुलाला शाळेची सर्वांत अधिक गरज, तेच शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत तोट्याचे! हा मुद्दा लो यांच्या हिशेबात आलाच नव्हता.

फुले यांनी शिक्षकाला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये पगार सुचवला. बक्षिसाला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकाला पगाराव्यतिरिक्त काही भत्ता द्यावा, असेही ते म्हणतात. मात्र आधी पोटाची निश्चिती, मग उत्तेजन, असा त्यांचा क्रम होता. तपासणीबद्दलही त्यांनी लिहिले आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही. निदान दर तिमाहीला तपासणी व्हावी, आणि एरवीही आगाऊ वर्दी न देता शाळेला भेट द्यावी.

हंटर आयोगाने मात्र प्राथमिक शाळांचे अनुदान बऱ्याच अंशी निकालावरच ठेवण्याची शिफारस केली. मागासलेल्या भागांतील शाळांना तेवढा अपवाद सुचवला. १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावानंतर ही पद्धत इकडेही मागे पडली. माझे आजोबा शाळा तपासणाऱ्या साहेबांना 'डिपोटी' म्हणत. तो शब्द त्याच काळाचा अवशेष.

मोजमाप का बिघडते?

थर्मामीटरने ताप मोजला म्हणून ताप बदलत नाही, कारण ताप उतरल्याचे बक्षीस पाऱ्याला मिळत नाही. शाळेत तसे नसते. जे मोजले जाते त्यावर पैसा, बदली किंवा अब्रू अवलंबून असेल, तर मोजला जाणारा माणूस त्या आकड्याकडेच पाहू लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ मध्ये हे नियमाच्या रूपात मांडले: एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय टांगावेत, तितका तो आकडा भ्रष्ट होतो आणि ज्या कामाचे मोजमाप करायचे ते कामही बिघडवतो.

त्यांच्याच देशाला हा अनुभव पुढे आला. २००२ मध्ये लागू झालेल्या कायद्याने शाळांचे भवितव्य चाचण्यांच्या गुणांशी जोडले. अटलांटा शहरात काही शाळांचे गुण विलक्षण वेगाने वाढले. उत्तरपत्रिका तपासल्यावर चूक उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सापडल्या. २०११ च्या चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापक यांची नावे आली. तो कायदा २०१५ मध्ये बदलण्यात आला.

दुसरी अडचण लहान संख्येची. समजा, तुमच्या वर्गात १२ मुले आहेत आणि ९ जणांना भागाकार येतो. म्हणजे ७५ टक्के. पुढच्या वर्षी दहा जणांना आला की ८३ टक्के. शाळा आठ टक्क्यांनी सुधारली का? कदाचित एका मुलाची आई ऊसतोडीला गेली नसेल, एवढेच. लहान शाळांचे आकडे असे दरवर्षी हेलकावे खातात, म्हणून यादीच्या वरच्या टोकालाही त्याच दिसतात आणि खालच्या टोकालाही.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. अमेरिकेत १९६६ च्या कोलमन अहवालाने सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून दाखवले की मुलांच्या गुणांतील फरकांचा मोठा वाटा घरच्या परिस्थितीचा असतो. म्हणजे नुसता निकाल पाहिला तर आपण शाळेपेक्षा वस्तीच अधिक तपासत असतो. मग शाळेचा काही परिणाम होतच नाही का? होतो, पण तो पाहण्याची जागा वेगळी आहे. लंडनमधील ५० शाळांतल्या सुमारे २,००० मुलांचा चार वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल कुठे पोहोचले यापेक्षा ते कुठून कुठवर आले हे त्यात मोजले होते. तसे मोजल्यावर शाळाशाळांतला फरक ठळक दिसला, आणि त्यात घरापेक्षा शाळेचा वाटा मोठा निघाला.

मग करायचे काय?

मोजूच नये, असे यातून निघत नाही. न्यूकॅसल आयोगाची तक्रार खोटी नव्हती. आपल्याकडे २००५ पासून 'असर'च्या पाहण्यांनी पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही हे दाखवले, आणि ते कळायलाच हवे होते. पण त्या पाहणीची रचना पाहा. मुलांना घरी गाठतात, गावातली काही घरे नमुना म्हणून निवडतात, आणि त्यावरून जिल्ह्याचे चित्र काढतात. कोणत्याही एका शिक्षकाचा पगार त्यावर ठरत नाही. म्हणून घरी बसवलेले मूलही तिथे मोजले जाते.

एखाद्या शाळेपुरते पाहायचे तर काही साध्या गोष्टी करता येतात. जूनमध्ये प्रत्येक मुलाला काय येते ते टिपून ठेवावे आणि मार्चमध्ये त्याच मुलाशी तुलना करावी, शेजारच्या शाळेशी नव्हे. न शिकवलेला उतारा वाचायला द्यावा. मुले प्रश्न विचारतात का, ते ऐकावे. आकडा निघाला तर तो शिक्षकाला मदत कुठे हवी हे ठरवण्यासाठी वापरावा.

आणि तपासणीला आलेल्या माणसाने पहिल्या रांगेतल्या मुलाला धडा वाचायला सांगण्याआधी हजेरीपट उघडावा आणि विचारावे, "आज कोण आलेले नाही?" आमच्या वर्गात त्या दिवशी तीन नावे निघाली असती. गुरुजींना शिक्षा व्हावी म्हणून नव्हे. त्या तिघांना वाचायला शिकवायला गुरुजींना कशाची गरज आहे, हे त्यानंतरच कोणीतरी विचारू शकले असते.