जोत्याखालची जमीन

पत्रादेवीचा नाका ओलांडला की राज्य बदलते, पण दगड बदलत नाही. बांद्याकडे जो तांबडा जांभा, तोच पेडण्यात, तोच डिचोलीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांनी हे दोन्ही महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतले. सरहद्द सरकली, पण घरे बांधण्याची रीत तीच राहिली. फ्रान्सिस ब्युकनन याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या या दगडाला, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून 'लॅटराइट' असे नाव दिले. जमिनीत असताना मऊ, सहज कापता येणारा आणि वारा लागला की घट्ट होणारा, असा हा दगड. त्याच्या जाड भिंती, वर उतरते छप्पर, पुढे पडवी. पाऊस अंगावर घेऊनही घर आत थंड राही. त्याला कोणी 'हरित' म्हणत नव्हते.

आज तो शब्द सरकारी कागदांत स्थिरावला आहे. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. २००७ मध्ये इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली आणि त्याच सुमारास इमारतींना तारे देणारी 'गृह' ही देशी मोजणीही. वीज किती लागते, पाणी किती मुरते, सामान कुठून येते, याचे गुण मांडायचे आणि त्यावर इमारतीची प्रत ठरवायची. कल्पना चांगलीच आहे. सरकार हा देशातील मोठ्या बांधकामदारांपैकी एक. त्याने शिस्त पाळली, तर बाजारही पाळील.

परंतु मोजपट्टी कोणी आखायची, हा प्रश्न राजकारणाचा असतो. अमेरिकेत हे लवकर दिसून आले. तिथल्या 'लीड' या मानकात लाकडाच्या एकाच प्रमाणपत्राला गुण होते. तेव्हा मेन राज्याच्या गव्हर्नरांनी २०११ मध्ये आणि जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी २०१२ मध्ये आदेश काढले, की सरकारी इमारतींसाठी जे मानक घ्यायचे, त्याने आपल्या राज्यातील जंगलांच्या इतर प्रमाणपत्रांनाही सारखेच स्थान दिले पाहिजे. एका बाजूला रोजगार होता, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि भांडण मात्र गुणपत्रिकेच्या एका ओळीवर.

आपल्याकडे हाच प्रश्न उभा राहिला तो पेडण्याच्या मोपा पठारावर. दाबोळीचा विमानतळ नौदलाचा, तिथे नागरी उड्डाणांना मर्यादा. म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने २००० साली मोपाला तत्त्वतः मान्यता दिली. मग वर्षानुवर्षे वाद चालला. उत्तरेला रोजगाराची आशा होती, तर दाबोळी बंद पडेल अशी दक्षिणेला धास्ती. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे दुःख निराळेच. २०१५ मध्ये पर्यावरण परवाना मिळाला, १३ नोव्हेंबर २०१६ रोजी पायाभरणी झाली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१८ मध्ये काही अटी घालून परवाना कायम ठेवला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ मार्च २०१९ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. हेमंत गुप्ता यांच्या पीठाने परवाना स्थगित केला आणि तज्ज्ञ समितीला फेरविचार करण्यास सांगितले. कारण आपल्या सीमाभागाने लक्षात ठेवावे असे आहे. परवान्याच्या अर्जात आसपासच्या जंगलांची माहिती नीट दिलेली नव्हती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील संवेदनशील क्षेत्रांचीही नव्हती. अर्ज गोव्याचा, आणि गाळले गेलेले रान सीमेपलीकडचे! पाखरांना, पाण्याला नाका नसतो, पण अर्जाच्या रकान्याला असतो.

पुढे समितीने जादा अटी सुचविल्या आणि १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली. बांधकामात आणि नंतरच्या कारभारातही 'शून्य कार्बन' कार्यक्रम राबविण्याचे कंपनीने मान्य केले. देखरेख नागपूरच्या 'नीरी' संस्थेकडे आली. या हरित अटी विधानसभेच्या चर्चेतून नव्हे, तर न्यायालयाच्या चौकटीत घडल्या, ही गोष्ट इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. सौर वीज, पावसाच्या पाण्याची साठवण, सांडपाण्याचा फेरवापर, धावपट्टीवर एलईडी दिवे, हे सारे तिथे आहे आणि ते खोटे नाही. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी राज्यसभेने ऊर्जा संवर्धन कायद्याची दुरुस्ती मंजूर केली आणि मोठ्या इमारतींसाठी टिकाऊपणाच्या संहितेची वाट मोकळी झाली.

तरीही एक हिशेब उरतोच. गुणपत्रिका मुख्यतः जोत्यापासून वरचे मोजते. जोत्याखालचा सडा, कापलेली हजारो झाडे, पठारावर मुरणारे आणि खाली झरा होऊन कुळागराला मिळणारे पाणी, यांचा रकाना त्या मानाने अरुंद असतो. मोपाचा न्यायालयीन वाद त्या रकान्याचाच होता.

आणि जुने ते सारे निर्मळ, असेही म्हणता येत नाही. चिरा खाणीतूनच येतो. पेडणे, डिचोलीत बेकायदा चिरेखाणींनी डोंगरउतार पोखरले. पावसाळ्यात भरलेले उघडे खड्डे जीवघेणे ठरतात. खनिजाच्या खाणींनी डिचोलीची काय दशा केली ते सांगायला नको. २०१२ आणि २०१८ च्या खाणबंदीने ट्रक थांबले, तसे कित्येक घरांतल्या चुलीही मंदावल्या. स्थानिक माल म्हणून चिऱ्याला गुण द्यायचे, तर तो कोणत्या खाणीतून आला हेही विचारावे लागेल.

याच डिचोली तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडले, आणि नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. गोवा सरकारने त्याची पुन्हा डागडुजी केली आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे मोपानंतर बरोबर दोन महिन्यांनी, ते लोकांसाठी खुले झाले. साडेतीनशे वर्षे उभी असलेली वास्तू दुरुस्त केली, की नव्या इमारतीला लागणारा चिरा, सिमेंट आणि सडा वाचतो. प्रत्येक जुने सरकारी कार्यालय पाडण्यापूर्वी एवढा विचार व्हावा.

विमानतळ नको होता, असे या लेखाचे म्हणणे नाही. पेडण्याच्या मुलांना तिथे काम मिळाले, तर ते मोलाचेच आहे. मागणे इतकेच, की पुढच्या सरकारी इमारतीचा अर्ज भरताना पहिला रकाना जमिनीचा असावा, आणि तो भरायला खालच्या वाड्यातील झऱ्यावर पाणी भरणाऱ्या माणसाला बोलवावे. मग तो वाडा तेरेखोल नदीच्या अलीकडे असो वा पलीकडे.