अमित समर्थ
डॉ. अमित समर्थ हे नागपूरचे डॉक्टर व अतिदीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतील भारतीय सायकलपटू आहेत. जून २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकेतील ओशनसाइड ते ॲनापोलिस ही सुमारे ४,८०० किमीची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकल गटात पहिल्याच प्रयत्नात पूर्ण केली. या शर्यतीत विश्रांती व झोपेचा वेळही मोजला जातो. १२ दिवसांची मुदत संपण्यास ३ तासांहून कमी अवधी उरला असताना, ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत, ते अंतिम रेषेवर पोहोचले. २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिव्होस्तोक ही १५ टप्प्यांची, सुमारे ९,१०० किमीची ‘ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम’ शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. वेगापेक्षा अपुऱ्या झोपेतही दिवसेंदिवस टिकून राहण्याची चिकाटी हे त्यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य होय.