प्रमुख कोण? हळद संशोधन केंद्राच्या निमित्ताने गोरेगावची एक जुनी गोष्ट

मंडळी, आपल्या हिंगोली जिल्ह्यात वसमतला हळद संशोधन केंद्र होतंय, ही बातमी आता जुनी झाली. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, शंभर कोटींचा आकडा जाहीर झाला. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. इकडे सिद्धेश्वरला हॉटेलात बसलं की चर्चा ठरलेली असते. जागा किती, इमारतीचं काम कोणाला, मशिनरी कुठली, आपल्या किती पोरांना नोकरी लागणार. सगळे प्रश्न रास्तच आहेत. पण एक प्रश्न कोणाच्या तोंडून ऐकू येत नाही. तिथल्या शास्त्रज्ञांचा म्होरक्या कोण असणार, त्याला शोधायचं कसं आणि आणल्यावर त्याच्या हातात काय द्यायचं?

हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी मुंबईत एका परदेशी औषध कंपनीपुढे होता. त्यांनी तो कसा सोडवला आणि त्यातून कोणाचं काय भलं झालं, ते आज सांगतो. गोष्ट थोडी लांबची आहे, पण शेवटी आपल्याच वावरात येते.

सुरुवात सर्पगंधेपासून करावी लागते. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला. सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे त्यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी देऊन मांडलं. वैद्यांना ती मुळी पिढ्यान् पिढ्या माहीत होती. जगातल्या डॉक्टरांनी दखल घेतली ती या लेखानंतर. तीनच वर्षांत, १९५२ ला, स्वित्झर्लंडमधल्या बासलच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. 'सर्पासिल' नावाची गोळी जगभर विकली गेली. मुळी आपली, निरीक्षण मुंबईच्या डॉक्टरचं, गोळी बासलची.

त्याच सिबाने पुढे मुंबईत गोरेगावला, आरे रोडवर, स्वतःचं संशोधन केंद्र काढलं. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तोवर परदेशी औषध कंपन्या आपल्याकडे मुख्यतः बाहेरून आणलेल्या औषधाच्या गोळ्या पाडायच्या आणि बाटल्या भरायच्या. नवं औषध इथेच शोधायचं, हा विचारच वेगळा होता.

आता प्रमुख कोण नेमायचा? बासलहून एखादा साहेब पाठवणं सोपं होतं. कंपनीने नेमला तो मद्रासच्या सरकारी प्रेसिडेन्सी कॉलेजचा प्राचार्य. नाव टी. आर. गोविंदाचारी, वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. कारखान्यात नोकरी केलेला माणूस नव्हे, वर्गात खडू धरणारा मास्तर. पण साधासुधा मास्तरही नव्हे. १९४६ ते ४९ ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रॉजर अ‍ॅडम्स या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाकडे काम करून आले होते. परत आल्यावर कॉलेजच्या तुटपुंज्या साधनांत त्यांनी आपल्याकडच्या वनस्पती हातात घेतल्या. अंतमुळातली अल्कलॉइड्स शोधली. माक्याच्या जातकुळीतल्या पिवळ्या फुलाच्या वेडेलियातून वेडेलोलॅक्टोन काढलं आणि १९५६ मध्ये त्याची रचना सांगितली. रसायनशास्त्रातला पहिला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९६० साली त्यांनाच मिळाला.

मला या निवडीत दोन गोष्टी दिसतात. एक, माणसाचा विषय आधीच पक्का होता: इथली झाडं आणि त्यांतली रसायनं. त्याला गोरेगावला आणून 'आता काय करू' असं विचारावं लागणार नव्हतं. दुसरी, त्याने विद्यार्थी घडवले होते. प्रमुख एकटा येत नाही, चांगला असला तर त्याच्यामागे माणसं येतात. के. नागराजन हे गोविंदाचारींचेच विद्यार्थी. परदेशात शिकून तेही गोरेगावला आले, आणि केंद्रात नवी औषधं घडवण्याच्या कामात पुढे त्यांचं नाव झालं.

आणि काम झालं. नैराश्यावरचं नायट्रोक्सॅझेपिन तिथलं, ते 'सिंटामिल' नावाने बाजारात आलं. अमिबाच्या जुलाबावरचं सॅट्रानिडॅझोल तिथलंच. जंतांवरच्या एका संयुगाचा क्रमांक होता 'सी ९३३३-गो'. हा 'गो' म्हणजे गोरेगाव! परदेशी नियतकालिकांत छापलेल्या निबंधांच्या मथळ्यात आपल्या लोकल स्टेशनची दोन अक्षरं बसलेली पाहिली की गंमत वाटते.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते नरक्याबद्दल. सह्याद्रीत हे झाड होतं. फुलांना घाण वास, म्हणून कुठे घाणेराही म्हणतात. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी एन. विश्वनाथन यांनी या झाडात कॅम्टोथेसिन असल्याचं प्रसिद्ध केलं. हे द्रव्य कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतं. ते मुळात सापडलं होतं चीनमधल्या एका झाडात, पण नरक्यात त्याचं प्रमाण भरपूर निघालं.

चीनच्या झाडातून ते पहिल्यांदा कोणी काढलं, तेही ऐका, कारण ती गोष्टही माणूस नेमण्याचीच आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात उद्योगांसाठी आणि सरकारसाठी संशोधन करून देणारी एक नवी संस्था निघाली होती. १९६० मध्ये त्यांनी मन्रो वॉल या शास्त्रज्ञाला सरकारी शेतीखात्यातून बोलावून घेतलं आणि वनस्पतींतल्या रसायनांवरचा नवा गट उभा करायला सांगितलं. दोन वर्षांनी वॉलनी आपल्या गटात घेतलेला माणूस होता मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठाचं. दोघांनी १९६६ मध्ये कॅम्टोथेसिन जाहीर केलं आणि १९७१ मध्ये टॅक्सॉल. कॅन्सरच्या औषधांत ही दोन्ही नावं आजही वरच्या रांगेत आहेत. योग्य माणूस नेमला की तो पुढचा योग्य माणूस हुडकतो, तो असा.

सरकारनेही त्याच काळात हा प्रयोग केला होता. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, उद्योगांच्या उपयोगासाठीच काढलेली. ३ जानेवारी १९५० ला नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. पहिले संचालक जेम्स मॅकबेन, साबणाच्या रसायनशास्त्रातलं जागतिक नाव, पण स्टॅनफर्डमधून निवृत्त होऊन सदुसष्टाव्या वर्षी पुण्यात आलेले. १९५२ ला ते परतले. दुसरे जॉर्ज फिंच, १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनच्या नळकांड्या वापरून चढणारे. तेही पाच वर्षांत गेले. पाया त्यांनी घातला, नाही असं नाही. पण मला विचाराल तर प्रयोगशाळेला घरचा माणूस मिळाला तो १९५७ मध्ये. माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागात वर्षानुवर्षं रंगद्रव्यांवर काम केलेले के. वेंकटरामन आले. कापडगिरण्यांना रंग लागतात आणि ते कसे बनतात, हे त्यांच्या बोटांवर होतं. ते १९६६ पर्यंत राहिले, आणि त्यांच्या खुर्चीत नंतर बसले ते त्यांचेच विद्यार्थी, कारंज्याचे बा. द. टिळक.

आता गोरेगावची दुसरी बाजू. गोविंदाचारी १९७५ पर्यंत तिथे होते. मधल्या काळात भारताने १९७० चा पेटंट कायदा केला. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळेना, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळू लागलं. या कायद्याने आपल्याकडे औषधं स्वस्त झाली, त्याबद्दल मी एक अक्षर वाईट बोलणार नाही. पण परदेशी कंपन्यांना इथल्या संशोधनात पैसा घालायचं कारण कमी झालं, हेही खरंच. पुढे कंपनीने गोरेगावचं केंद्र बंद केलं. मालक बासलला, निर्णयही बासलला. माणसं पांगली, वर्षानुवर्षं जमवलेला गट मोडला.

नरक्याचं काय झालं? कॅम्टोथेसिनपासून तयार केलेल्या टोपोटेकन आणि इरिनोटेकन या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. औषधं इतरांनी बनवली. सह्याद्रीत मात्र नरक्याची लाकडं पोत्यांत भरून चोरून बाहेर जाऊ लागली. झाड तोडणाऱ्याला किलोमागे चार पैसे, रात्रीचा ट्रक, वनखात्याचे छापे, हे सगळं पेपरांत येत राहिलं. शोध इथल्या शास्त्रज्ञांचा, झाड इथलं, आणि गावाच्या वाट्याला तस्करीची केस.

म्हणून वसमतबद्दल माझे प्रश्न जरा वेगळे आहेत. प्रमुख शास्त्रज्ञाचा स्वतःचा विषय हळद आहे का, की तो दुसऱ्या खात्यातून बदलीवर आलेला अधिकारी असेल? त्याला किमान किती वर्षं हलवणार नाही? सहकारी तो स्वतः निवडेल, की यादी मुंबईहून येईल? आपल्या भागात बहुतेकांकडे सेलम आहे. कोणत्या मातीत कुरकुमिन किती भरतं, कुकरमध्ये हळद किती वेळ शिजवली तर ते टिकतं, करप्यावर कमी फवारणीत काय चालतं, हे शेतकऱ्याला हवंय. त्यातून एखादं नवं वाण, यंत्र किंवा औषध निघालंच, तर त्याची मालकी कोणाची आणि हळद देणाऱ्या गावाला त्यातलं काय?

गोविंदाचारींचं राहिलं. गोरेगावनंतरही ते थांबले नाहीत. मद्रासच्या स्पिक या खत कंपनीने कडुलिंबापासून कीटकनाशक शोधायला प्रयोगशाळा काढली, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या या माणसालाच बोलावलं. निंबोळीतल्या अझाडिरॅक्टिनवर ते थेट ऐंशीच्या पुढेपर्यंत काम करत होते. २००१ मध्ये ते गेले.

वसमतच्या केंद्राबद्दलचे हे प्रश्न मी लेखी विचारणार आहे. हळदवाल्या शेतकऱ्यांनी आपापले प्रश्नही कळवा, एकाच कागदावर घालून देतो. उत्तर आलं की इथेच टाकतो.